डावा तुझा, उजवा माझा

भाऊ, आज एकविसावा दिवस.

सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि आत जाऊन बसून राहिलो. एक बाई वाकून आत आली. तिला सातबाऱ्याच्या दोन झेरॉक्स हव्या होत्या. मी कागद घेतला, मशीनवर ठेवला आणि बटण दाबायचंच विसरलो. ती म्हणाली, "काय जी, लाईन नाई का?" मी म्हटलं, "आहे, लाईन आहे." तरी हात उठेना. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या, मी पुढच्या दुकानातून करून घेतो." आणि गेली.

वहिनीनं परवा विचारलं होतं, पेपरात श्रद्धांजलीचा फोटो द्यायचा का. दोन ओळी तूच टाईप कर म्हणाली, तुझं तर कामच ते. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. 'सुप्रसिद्ध सनईवादक' असं लिहिलं आणि खोडलं. 'पंचक्रोशीत परिचित' लिहिलं, तेही खोडलं. मला तुझ्याबद्दल कुणाला काही सांगायचंच नाही, भाऊ. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि त्यातला चुकलेला माणूस मी आहे.

बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, तू चोवीसचा. बाबांची सनई तू घेतलीस आणि सुराची सनई माझ्या हातात दिलीस. सूर धरणाऱ्याला बोटांचं काम नसतं. एकच स्वर, तो तुटू द्यायचा नाही. गाल भरलेले ठेवायचे, नाकानं श्वास घ्यायचा आणि पुढचा माणूस काय वाजवतो ते ऐकत राहायचं. मी पंचवीस वर्षं तेच केलं. तू उन्हाळाभर लग्नं वाजवायचास आणि बाकीचं वर्ष मच्छी सोसायटीच्या तलावात जायचास. मी पवनीत हे दुकान टाकलं, पण लग्नसराई आली की दुकान बंद. तुझ्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, ही माझी जागा. मांडवात कुणी तुझं नाव घ्यायचं, कुणी डफडेवाल्याचं. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

डीजे आले तसं काम कमी झालं. तरी जुनी माणसं बिदाईला तुलाच बोलवायची. वरातीत डीजे वाजो, काहीही वाजो, पण पोरगी घराबाहेर निघताना बाबांची चाल पाहिजे. त्या चालीत एक उतार आहे. वरच्या, एकाच बोटाच्या सुरावरून एकदम खाली. डाव्या हाताची दोन बोटं आणि उजव्या हाताची दोन, अशी चार बोटं एकाच क्षणी भोकांवर पडायला हवीत. एक जरी मागे राहिलं तरी मध्येच तिसरा कुठला तरी सूर किंचाळतो. तू त्याला खडा म्हणायचास. भातात लागतो तसा. "मधात खडा लागला," म्हणायचास आणि चेहरा असा करायचास की खरंच दाताखाली आला आहे. तुझ्या स्वतःच्या वाजवण्यात तो मी कधी ऐकला नाही. त्या जागी बाया रडायच्या. मी मागे गाल फुगवून उभा असायचो आणि माझ्याही अंगावर काटा यायचा, दरवेळी, पंचवीस वर्षं.

मग मागच्या दिवाळीनंतर तुला लकवा मारला. उजवं अंग गेलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तू आठ दिवस होतास. घरी आल्यावर पाय हळूहळू चालायला लागला, काठी घेऊन तलावाच्या पाळीपर्यंत जाऊ लागलास. बोलणं जड होतं, तेही सुटलं. हात मात्र आला नाही. रबराचा चेंडू दाबायला दिला होता. तू तो उजव्या हातात ठेवायचास आणि त्याच्याकडे पाहत बसायचास, जसं काही तो चेंडूच आपणहून दबणार आहे. वहिनी तेल लावायची, बोटं एकेक करून सरळ करायची. सोडली की ती परत मिटायची. एकदा मला म्हणालास, "मन्या, हा हात आता माह्या अंगावर पाहुण्यावाणी हाये. जेवाले बसते, काम नाई करत." मी हसलो. तू नाही हसलास.

आणि वैशाखात तुझ्या स्वातीचं लग्न ठरलं होतं. शहापूरचं स्थळ, चांगला मुलगा. त्या एका पोरीच्या बिदाईसाठी तू ती चाल राखून ठेवल्यासारखी वाजवायचास, हे मला माहीत होतं. लोकांच्या पोरी सासरी पाठवताना तू हसत म्हणायचास, "हे समदं प्रॅक्टिस हाये. खरं त स्वातीच्या टायमाले."

संक्रांत झाल्यावर एक दिवस दुपारी मला फोन केलास. "सनई घेऊन ये." मी आणली. तू पत्ती ओठात धरलीस आणि फुंकलीस, तर उजव्या कोपऱ्यातून सगळी हवा फुस्सकन सुटली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. वहिनी तोंड फिरवून आत गेली. मला वाटलं, आता तू ती फेकून देशील. तू म्हणालास, "उद्या ये." रोज येत गेलो. पंधरा दिवसांत ओठ धरायला लागला. सूर आला. डाव्या हाताची तीन बोटं धड होती, वरचे सूर स्वच्छ निघाले. खाली उतरायचं म्हटलं की पायरीच नाही.

तेव्हा तू म्हणालास, "इकडं ये. माह्या उजव्या बाजूनं बस. हात पुढं कर."

"काय करू?"

"वरची भोकं माही, खालची तुही. फुंकाचं काम माहं."

मला वाटलं, थट्टा करतो आहेस. तू थट्टा करत नव्हतास. मी तुझ्या अंगाला अंग लावून बसलो, माझा उजवा हात तुझ्या डाव्या हाताखाली सनईवर ठेवला. कुणी दारातून पाहिलं असतं तर दोन माणसं एका लाकडाला लटकली आहेत असंच वाटलं असतं. तू फुंकलंस. मी बोटं टाकली. जे निघालं ते ऐकून अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मग तू हसलास. लकव्यानंतर पहिल्यांदा इतकं हसलास की तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली आणि मी माझ्या बाहीनं ती पुसली.

तुझ्यासारखं शिकवणं मी दुसरीकडे पाहिलं नाही, भाऊ. हे जिवंतपणी म्हणायला हवं होतं. त्यानंतर आठ दिवस तू सनई फुंकलीच नाहीस. नुसती बोटं पाडायची, कोरडी, आवाजाविना. "कानानं ऐक," म्हणायचास. "चार बोटं संगं पडली त एक आवाज येते. टप. नाई पडली त दोन येतेत. तुहे दोन येऊन राहिले." मला ते दोन आवाज ऐकूच यायचे नाहीत. चौथ्या दिवशी ऐकू आले, आणि मग तर तेवढेच ऐकू यायला लागले. दुकानात टेबलावर बोटं पाडायचो, जेवताना ताटाच्या काठावर पाडायचो. माझ्या बायकोनं एकदा ताट ओढून घेतलं.

मी बोट उचलायचो तेही तुला खटकायचं. "भोकावरून बोट उचलाचं थे धानाच्या दाण्याइतकं. तू त झेंडावंदनाले हात केल्यावाणी उचलते. इतक्या वरून खाली याले त्याले टाईम लागन का नाई?" मी भोकं इतकी घट्ट दाबायचो की बोटांच्या पेरांवर गोल वळ उठायचे. तू माझा हात उलटा करून ते वळ मोजल्यासारखे पाहायचास. "गळा कायले दाबते तिचा? ठेव नुसतं. मच्छी जाळ्यात हाये का नाई पाहाले दोरीवर बोट ठेवतो न आपन, तसं."

आणि सगळ्यांत अवघड ते. मी हळू वाजवायला लागलो की बोटंही हळू उचलायचो, आळसावल्यासारखी. तू चिडायचास. "सावकाश वाजव म्हटलं, सावकाश बोट टाक नाई म्हटलं. सुरावर थांब, पायजे तितकं थांब. पन निंगालं का एकदम निंगालं पायजे. टायपिंगच्या मशीनवर त तुही बोटं उंदरावाणी पळतेत, अठी काय झालं?" मी म्हणायचो, तिथं एकेक बोट पळतं, भाऊ, इथं चार एकदम, आणि त्यातली दोन तर माझी नाहीतच. तू म्हणायचास, "तेच त शिकाचं हाये."

माझी दोन तुझ्या दोनांबरोबर पडायची कशी? डोळ्यांनी पाहून पडत नाहीत, उशीर होतो. मोजून पडत नाहीत, तू मोजूनमापून वाजवणारा नव्हतास. एक महिना खडे, नुसते खडे. मग कळलं की उतारावर यायच्या आधी तुझी बरगडी थोडी आत जाते. माझा खांदा तुझ्या बरगडीला टेकलेला असायचा. ती आत गेली की पडायचं. हे मी तुला सांगितलं नाही. तुला वाटत राहिलं की मला सूर समजायला लागला. मला तुझा श्वास समजायला लागला होता, बस.

फाल्गुनातली ती दुपार. वहिनी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मोबाईलवर मागचा सूर लावून ठेवला होता. आपण सुरुवात केली. पहिला उतार गेला, स्वच्छ. दुसरा गेला. तिसरा गेला, आणि चाल संपली तेव्हा मला कळलं की कुठंच काही लागलं नाही. वहिनीचा हात फुलांवर तसाच थांबला होता. ती म्हणाली, "कोन वाजवलं जी हे? एकाच मानसानं वाजवल्यावाणी झालं."

तू सनई खाली घेतलीस. माझा हात अजून तिच्यावर होता. त्याच्याकडे बराच वेळ पाहून तू म्हणालास, "मन्या, हा हात कोनाचा हाये?"

"माहा."

"नाई बे," तू म्हणालास. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. "माहा हाये."

भाऊ, त्याहून मोठं कुणी मला काही दिलं नाही. आणि त्याच रात्री घरी जाऊन मी अंथरुणावर पडल्या पडल्या काय विचार केला सांगू? पंचवीस वर्षं तुझ्यामागे सूर धरला आणि आता माझा हातही तुझाच झाला. माझं काय उरलं?

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात, मागच्या खोलीत, दुपारी शटर ओढून एकटा वाजवायला लागलो. तुला न सांगता. दोन्ही हात माझे. उजवा तर तू तयार करून दिलाच होतास. डावा मी स्वतःच बसवत होतो. तुझ्याकडे संध्याकाळी येऊन उजवा हात द्यायचो आणि दुपारी सगळीच सनई माझी. चोरी करतोय असं वाटायचं आणि बरं वाटायचं. उतार दहातून सहा वेळा जमायचा. मी त्या सहाच्या भरवशावर होतो.

लग्नाच्या सकाळी तू नवं धोतर नेसून ओसरीवर बसला होतास. सनईची पत्ती तू स्वतः तयार केली होतीस, एका हातानं आणि दातांनी, तीन दिवस घासून. मी तुझ्याजवळ येऊन बसलो आणि म्हटलं, "भाऊ, एक सांगाचं होतं. नवरदेवाचे काका म्हनत होते, एका सनईवर दोघं बसले त कसंतरी दिसन. आमचे पाव्हणे हासतीन म्हने. मी एकट्यानं वाजवलं त चालन का, विचारून राहिले होते."

"काकानं म्हटलं?"

"हो."

"मले काहून नाई म्हटलं?"

"तुले कसं म्हनतीन?"

तू उजवा हात डाव्यानं उचललास आणि मांडीवर नीट ठेवलास, लहान मुलाला बसवावं तसा. मग म्हणालास, "बरं. पोरीच्या सासरचा मामला हाये. तू वाजव. मी सूर धरतो."

नवरदेवाचे काका काही म्हणाले नव्हते, भाऊ. त्यांच्याशी तोवर माझं बोलणंही झालं नव्हतं. सूर मोबाईलवरही लावता आला असता, तुला तिथं उभं राहायचीसुद्धा गरज नव्हती. पण तू काठी बाजूला ठेवलीस, खांबाला पाठ टेकलीस, डाव्या हातात सुराची सनई धरलीस आणि माझ्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे उभा राहिलास.

दुपारी चारला बिदाई. स्वाती उंबऱ्याबाहेर आली. मी सुरुवात केली. भाऊ, सूर असा होता की त्यावर घर बांधावं. मी पंचवीस वर्षं धरला, मला तसा कधी धरता आला नाही. वरचा सूर लावला, उतारावर आलो आणि चार बोटांतलं एक मागे राहिलं. करंगळीशेजारचं डावं. खडा लागला. तुझा सूर हलला नाही. दुसऱ्यांदा आलो, या वेळी उजवी दोन घाईनं आधीच पडली. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा तो उतार आला तेव्हा मी तो वाजवलाच नाही. वळसा घालून पायरी पायरीनं खाली आलो. बाबांची चाल मी कापली, त्यांच्याच नातीच्या बिदाईत, त्यांच्या मुलाच्या देखत.

स्वाती तुझ्या गळ्यात पडली तेव्हाच तुझा सूर तुटला. त्याआधी नाही.

नंतर लोक माझा हात धरून बोलले. "मनोहर, तू त छुपा रुस्तम निंगाला," म्हणाले. गावातल्या त्याच म्हाताऱ्या बाया रडल्या. कुणालाही काही कळलं नव्हतं. मांडवात फक्त दोन माणसांना कळलं होतं, आणि त्यातल्या दुसऱ्यानं मला एक शब्द म्हटला नाही. मी वाट पाहिली. त्या संध्याकाळी पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी पाया पडून सगळं सांगितलं असतं. तू विचारलंस, "जेवला का?"

महिनाभरानं तू आणि वहिनी पोरीला पाहायला शहापूरला गेलात. आल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा फोन. मी आलो. सनई तुझ्या खाटेवर फडक्यात ठेवलेली होती.

"बस," तू म्हणालास. "थो उतार करून टाकू."

"कायले? मले येते."

"दोनदा लागला."

"पत्ती खराब होती त्या दिवशी."

"पत्ती मी केली होती, मन्या. बोट मांगं राहिलं. डावं तिसरं. थे तुले कोनी शिकवलंच नाई त येईन कसं? आन हात इकडं, मी शिकवतो."

डावं तिसरं. तू नेमकं बोट सांगितलंस. मी चोरून जे बसवलं होतं ते तुला ऐकूनच कळलं होतं. तिथंच मी सगळं कबूल करायला हवं होतं. मी उलटा चढलो. "लोकायले त नाई समजलं."

"लोकायसाठी वाजवत होता का तू?"

आणि मग मी ते बोललो. बोलताना मला दिसत होतं की हे बोलू नये. "तुले पाहावत नाई, भाऊ. तुहा हात गेला न, म्हून माहा पाहावत नाई तुले."

तू खाली पाहिलंस. फडक्याचं टोक सनईवर नीट केलंस. "बरं," म्हणालास. एवढंच.

मी त्यानंतर आलो नाही असं नाही. आलो, औषधं आणून दिली, पेन्शनचा फॉर्म भरून दिला, पोळ्याला जेवायला बसलो. पण सनईजवळ गेलो नाही, आणि तू पुन्हा म्हटलं नाहीस. तीन महिने असेच गेले. मला वाटायचं, दिवाळीत बोलू.

धान फुलोऱ्यावर होतं. सकाळी नऊला वहिनीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तू ओसरीवर आडवा होतास आणि तोंड पुन्हा वाकडं झालं होतं. अॅम्ब्युलन्समध्ये मी तुझ्याजवळ बसलो. भंडाऱ्याच्या रस्त्यावर गाडी आदळत होती. तुझे डोळे मिटलेले होते. तुझा डावा हात मी माझ्या हातात धरला होता, आणि तुझी बोटं माझ्या मनगटावर हलत होती. पहिलं टेकलेलं. दुसरं आणि तिसरं उठायचं, पडायचं. उठायचं, पडायचं. मी सोबतच्या माणसाला म्हटलं, "हे पाहा, याचा हात थरथरून राहिला." तो म्हणाला, "झटके असतील, घट्ट धरून ठेवा." मी घट्ट धरून ठेवला. बोटं थांबली.

भाऊ, ते झटके होते की उतार होता? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं. मी रोज सकाळी उठून माझ्या मनगटाकडे पाहतो. जर तो उतार होता, तर तू माझ्या दोन बोटांची वाट पाहत होतास आणि मी तुझा हात दाबून धरला. मला हे आता कुणी सांगू शकत नाही. तुझ्याबरोबर जे जे मला विचारायचं होतं ते सगळं गेलं, पण हे एक जात नाही. दुकानात बसलो तरी तिथंच असतं, जेवताना तिथंच असतं. बायको म्हणते, डॉक्टरकडे जाऊ. कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?

काल मी वहिनीकडे गेलो. आता हे एकट्यानं धरवेना. ओसरीवर ती तुझे कपडे घड्या करून ठेवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. नवरदेवाचे काका काही म्हणाले नव्हते. मी खोटं बोललो. भाऊला मी फसवून बाजूला केलं.

तिचं काम थांबलं नाही. सदऱ्याच्या बाह्या मागे दुमडल्या, हात फिरवला. मग म्हणाली, "माईत हाये जी."

"कोनाले?"

"मले. त्यायले."

मी खाली बसलो.

"शहापूरले गेलो होतो न आमी," ती म्हणाली. "यायनंच काकाले म्हटलं, तुमच्या म्हनन्यापरमानं मन्यानं एकट्यानं वाजवलं, बरं वाटलं न तुमाले? थे काका म्हने, आमाले काय जी, आमी कवा म्हटलं? आमाले त उलट तुमचं ऐकाचं होतं."

शहापूर. म्हणजे मला फोन करायच्या आधी. म्हणजे तू खाटेवर सनई ठेवून 'बस' म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं. मी पत्तीवर ढकललं तेव्हा, आणि ते दुसरं बोललो तेव्हाही.

"लय रागावला होता का?" मी विचारलं.

"एसटीत बोलले नाई. दोन दिवस जेवन नाई नीट." तिनं घडी खाली ठेवली. "तिसऱ्या दिवशी मले म्हने, मन्याले एकट्यानं वाजवाचं होतं. मंग मले सांगाचं होतं न त्यानं. शिकवलं असतं."

मग ती उठली. "चहा ठेवतो," म्हणाली आणि आत गेली.

मी ओसरीवर होतो. तुझी खाट होती. तिच्यावर आता कुणी काही ठेवत नाही. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मी खाटेकडे तोंड करून, नीट मांडी घालून बसलो आणि मोठ्यानं म्हटलं, "भाऊ, मले एकट्यानं वाजवाचं हाये."

आतून वहिनीनं विचारलं, "काय म्हटलं जी?"

"काही नाई," मी म्हटलं.